एकोणीस

स्कार्वोय बेटावर आम्ही एकोणीस.
पहिल्यापासून एकोणीस.
मग चर्चच्या कपाटात कॉफीचे एकतीस कप कशाला,
असं एप्रिलच्या पहिल्या बोटीवरचा पोरगा विचारून गेला.
आम्ही हसलो.
कप फुटतात, म्हणाला हानुस, जास्तीचे लागतात.

टपालाची पिशवी माझ्याकडे असते.

तो आला तेव्हा बोट नव्हती.
अकरा दिवस धक्क्यावर लाट चढलेली,
हेलिकॉप्टर दोनदा ढगाच्या वर घरघरून परत फिरलं.
आणि सकाळी हा मेंढ्यांच्या कुंपणाला टेकून उभा.
बूट कोरडे. केस कोरडे.
बोलताना आमच्या तोंडातून वाफ निघत होती,
त्याच्या तोंडासमोर काहीच नाही,
नुसते शब्द.

आमच्याकडे वादळातून आलेल्याला
कुठून आलास असं विचारत नाहीत,
आधी सूप वाढतात.
मारयूननं वाढलं, दोनदा.
त्यानं वाटी पुसून परत दिली आणि म्हणाला,
"उद्या शेजारी जाईन."
किती सभ्य, असं आम्हाला वाटलं.
कुत्री मात्र त्या दिवसापासून
गवती छपरांवर चढून बसली, खाली उतरेनात.

एका घरी एक रात्र. कधी दोन.
चुलीपाशी बसायचा, ऐकायचा,
कुणाचं नाव आलं की एकदा पुन्हा म्हणायचा,
हळू,
जिभेखाली खडीसाखर धरावी तसं.
एवढंच करायचा तो. शपथ घेऊन सांगते, एवढंच.

मारयूनच्या दारामागे एक लाल रबरी बूट आहे,
माझ्या तळहातात मावेल एवढा.
मारयूनला मूल नाही.
बौरुरच्या होडीला वल्ह्यांच्या दोन जोड्या,
आणि तो एकटाच वल्हवतो; होडी गोल गोल फिरते,
तो शिव्या देतो प्रवाहाला.
शाळेची घंटा सुनेवा रोज नऊला वाजवते,
मग पायरीवर उभी राहते थोडा वेळ
आणि घरी जाते.

आम्ही मेंढ्या जोडीजोडीनं मोजतो.
परवा मी माणसं मोजली तशी, रविवारी, बाकांवरची.
नऊ जोड्या आणि एक सुटा.
तो सुटा शेवटच्या बाकावर बसून
स्तोत्र अचूक म्हणत होता.

पत्रं येतच राहतात, हा खरा त्रास.
बोटीला या खात्यातलं काही कळवलेलं नाही.
विमा कंपनीचं, दातांच्या डॉक्टरचं,
लोकरीच्या दुकानाचं बिल,
ज्यांच्या नावानं येतात त्यांना इथे कोणी ओळखत नाही.
परत पाठवायची, असा नियम आहे.
संध्याकाळी तो टपालाच्या खिडकीशी येतो,
कोपर टेकतो,
"आज कुणाचं आलं?"
आणि मी वाचून दाखवते. का दाखवते?
त्याचा चेहरा उजळतो तेव्हा,
भरपेट जेवलेल्या माणसाचा उजळतो तसा.

आज एक कार्ड आलं. वाढदिवसाचं, वर पफिनचं चित्र.
ओलुवा, असं नाव.
पत्ता माझा.
घर माझं, रंगाचा उल्लेखसुद्धा बरोबर: पिवळं, दीपगृहाच्या वाटेवरचं.
आत लिहिलंय, "दोघींना प्रेम."

मी एकटी राहते. नेहमीच एकटी राहत आले.
रजई भिंतीकडून अर्धीच घेते, सवय आहे.
गादीला दोन खळगे आहेत, गादी जुनी आहे.
चहा करताना मी वळून काहीतरी विचारते,
आणि उत्तरापुरती थांबते,
हेही जुनंच असेल.

त्यानं विचारलं, "आज कुणाचं आलं?"
मी म्हटलं, काही नाही.
आयुष्यात पहिल्यांदा टपालाबाबत खोटं बोलले.
तो हसला. थांबला. गेला नाही.

कार्ड दुसऱ्या उशीखाली आहे.
दार आतून लावलंय.
नाव मी मोठ्यानं म्हणत नाही,
ओठ मिटून, आतल्या आत,
ओलुवा, ओलुवा, ओलुवा,
कोण होतीस तू,
बाहेर कुणीतरी पायपुसण्यावर
कोरडे बूट पुसतंय.